राहता पत्ता आणि फीचा आकडा

चेन्नईच्या सरदार पटेल रस्त्याला लागून दोन नामांकित शिक्षणसंस्था आहेत. एक आयआयटी मद्रास, पश्चिम जर्मनीच्या मदतीने १९५९ साली सुरू झालेली. दुसरी अण्णा विद्यापीठ. त्याच्या आवारातले गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालय इतके जुने, की त्याची सुरुवात १७९४ सालच्या भूमापन शाळेपासून सांगतात. दोन्हीकडे बारावीनंतर इंजिनिअर व्हायला मुलेमुली येतात. दोन्ही सरकारी पैशावर उभ्या आहेत. पण विद्यार्थ्याच्या खिशातून किती पैसे घ्यायचे हे ठरवताना दोन्हीकडे विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे.

आयआयटी विचारते, घरचे उत्पन्न किती? तिथली बी.टेक.ची शिक्षण फी २०१६ पासून वर्षाला २ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ. वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असलेल्या घरातल्या मुलांनाही पूर्ण माफ. उत्पन्न १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. मुलगा लातूरचा की तिरुनेलवेलीचा, याने एका रुपयाचाही फरक पडत नाही.

अण्णा विद्यापीठ आणि त्याला जोडलेली शेकडो महाविद्यालये यांच्या जागा राज्य सरकारच्या प्रवेशप्रक्रियेतून भरतात. तिथे पहिला प्रश्न असतो, तू मूळचा कुठला आणि आठवी ते बारावी कुठे शिकलास? अर्ज करता येईल का, कोणत्या गटातून करायचा आणि फीची कोणती सवलत मिळेल, हे या उत्तरावर ठरते.

विद्यार्थी कुठे राहतो, यावरून त्याने शिक्षणासाठी कमी-जास्त पैसे मोजावेत हे न्याय्य आहे का? या प्रकरणात मी जे मांडणार आहे ते सुरुवातीलाच सांगतो. राज्याने आपल्या माणसांच्या मुलांना झुकते माप द्यायला हरकत नाही. पण आपली माणसे कोण, हे मूळ गावाच्या दाखल्यावरून ठरवणे चूक आहे. मूल कुठे वाढले आणि कुठे शिकले, यावरून ते ठरले पाहिजे. आणि गरिबीमुळे मिळणारी सवलत राज्याच्या हद्दीशी येऊन थांबता कामा नये.

भेद तीन वाटांनी येतो

राहण्याच्या ठिकाणावरून होणारा फीतला भेद नेहमी उघड दिसत नाही. भारतात तो तीन वाटांनी येतो.

पहिली वाट सरळ आहे. दरपत्रकातच दोन दर. कर्नाटक सरकारने ५ जून १९८९ रोजी काढलेली अधिसूचना याचे ठळक उदाहरण. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेवर प्रवेश मिळालेल्यांना वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त २५,००० आणि कर्नाटकाबाहेरच्या भारतीयांना जास्तीत जास्त ६०,००० रुपये. वर्ग एक, शिक्षक एक, शवविच्छेदनाचे टेबल एक, आणि दर तीन.

दुसरी वाट सवलतीची. मूळ फी सगळ्यांना सारखी, पण माफी फक्त राज्यातल्यांना. तमिळनाडूत घरातल्या पहिल्या पदवीधराला शिक्षण फीत सूट देण्याची योजना २०१० पासून आहे. महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण फीत निम्मी सवलत मिळते. २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत ती पूर्ण माफ झाली. पण अधिवास प्रमाणपत्राशिवाय या योजनेचे दार उघडत नाही.

तिसरी वाट सर्वांत आडवळणाची आणि सर्वांत महाग. स्वस्त जागाच राज्यातल्यांसाठी ठेवायच्या. बाहेरच्याला अखिल भारतीय कोट्यातली जागा मिळाली तर ठीक, नाहीतर खासगी महाविद्यालयातला व्यवस्थापन कोटा, जिथे फी कित्येक पट असते. कागदावर कुणालाही ‘तू बाहेरचा म्हणून जास्त दे’ असे म्हटलेले नसते, परिणाम मात्र तोच होतो.

करदात्याचे म्हणणे

दोन दर असावेत असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. सरकारी महाविद्यालयात विद्यार्थी जी फी भरतो ती शिक्षणाच्या खऱ्या खर्चाचा लहानसा हिस्सा असते. उरलेला भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. तमिळनाडूच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची वर्षाची फी काही हजारांत आहे, महाराष्ट्रात ती लाखाच्या पुढे गेली आहे. तमिळनाडूचे प्राध्यापक किंवा प्रयोगशाळा स्वस्त आहेत म्हणून हा फरक पडलेला नाही. तिथल्या सरकारने पिढ्यान्‌पिढ्या जास्त भार उचलायचे ठरवले म्हणून पडला आहे. मग ज्यांनी तो भार उचलला त्यांच्या मुलांना आधी लाभ मिळावा, यात वावगे काय?

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या हॉलचे भाडे असेच ठरते. सभासदाला कमी, बाहेरच्याला जास्त. सभासद महिन्याला देखभाल खर्च देतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण त्याच इमारतीत वीस वर्षे भाड्याने राहणारे कुटुंब असते. त्यांच्या भाड्यातूनच घरमालक देखभाल खर्च भरतो. त्यांच्या मुलीच्या लग्नाला हॉल हवा असेल तर त्यांना सभासदाचा दर लावायचा की बाहेरच्याचा? नियमावलीत उत्तर सापडेलही, पण न्यायाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, कारण पैसा त्यांचाही त्या इमारतीत गेलेला असतो.

राज्याच्या बाबतीत हे आणखी खरे आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाला. हा कर माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. चेन्नईतल्या दुकानाचे बिल हातात घेतले तर त्यावर कराचे दोन भाग वेगळे छापलेले दिसतात, एक केंद्राचा आणि एक तमिळनाडूचा. गिऱ्हाइकाचे आजोबा कोणत्या जिल्ह्यातले, हे ते बिल विचारत नाही. तेव्हा ‘आमच्या करावर शिकतात’ हा युक्तिवाद मान्य करायचा तर तो पुरता मान्य करावा लागतो. जो इथे राहतो, कमावतो आणि खर्च करतो तो इथला करदाता. त्याचे मूळ गाव कोणते याचा कराशी संबंध नाही.

दुसरा मुद्दा परताव्याचा. राज्याने डॉक्टर घडवायचा आणि त्याने शिकून आपल्या गावी निघून जायचे, मग राज्याच्या हाती काय? ही काळजी रास्त आहे. पण राज्यातलाच विद्यार्थी लंडनला जाऊ शकतो आणि बाहेरून आलेली मुलगी मदुराईत दवाखाना काढू शकते. परतावा हवा असेल तर शिक्षणानंतर काही वर्षे राज्यात सेवा करण्याची अट घालणे हा सरळ उपाय आहे. प्रवेशाच्या वेळचा पत्ता पुढच्या तीस वर्षांची हमी देत नाही.

न्यायालयात झालेली घासाघीस

हा वाद न्यायालयात वारंवार गेला आणि त्यातले कितीतरी खटले मद्रासचे आहेत.

पहिला मोठा खटला मद्रास राज्य विरुद्ध चंपकम दोराईराजन. ९ एप्रिल १९५१ रोजी त्याचा निकाल लागला. तेव्हा राज्याच्या चार वैद्यकीय महाविद्यालयांत मिळून ३३० जागा होत्या. त्यातल्या १७ राज्याबाहेरच्यांसाठी आणि १२ सरकारच्या मर्जीने द्यायच्या. उरलेल्या जागा चौदा-चौदांच्या गटांत जाती-धर्मांनुसार वाटल्या जात. ही वाटणी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि त्यातून पहिली घटनादुरुस्ती होऊन मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. वाद जातवार वाटणीचा होता. बाहेरच्यांसाठी शंभरात जेमतेम पाच जागा, ही गोष्ट तेव्हाही रुळलेली होती.

फीचा प्रश्न थेट आला तो १९५५ साली, इंदूरहून. तिथल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती. बाहेरच्यांना मात्र ती भरावी लागे, सरकारने नेमलेल्यांना १,३०० आणि इतरांना १,५०० रुपये. दिल्लीहून आलेल्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने या नियमाला आव्हान दिले. राज्यघटनेच्या १५व्या कलमाने जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई केली आहे, तेव्हा हा भेद बेकायदा, असे त्याचे म्हणणे. पाचपैकी चार न्यायाधीशांनी ते फेटाळले. मद्रास उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले न्या. टी. एल. वेंकटराम अय्यर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. जन्मस्थान वेगळे आणि निवास वेगळा, आपल्या रहिवाशांच्या शिक्षणाला हातभार लावणे हा राज्याचा वाजवी हेतू आहे, असा त्याचा आशय. न्या. जगन्नाधदास यांना हा निकाल पटला नाही.

नियमातली ‘रहिवासी’ची व्याख्या पाहिली की आजही शंका येते. ज्याचा मूळ अधिवास मध्य भारतातला, तो रहिवासी धरला जाई. बाहेरून आलेल्याला मात्र पाच वर्षे राहून दाखवावे लागे. एकाला वारसा पुरेसा आणि दुसऱ्याला मुक्कामाचा पुरावा हवा. पुढच्या सगळ्या दाखल्यांतला गुंता या दुहेरी मापातून निघाला आहे.

मग प्रश्न राज्याच्या आत शिरला. मद्रास सरकार वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जागा जिल्हावार वाटत असे. खेड्यापाड्यांच्या जिल्ह्यांना वाटा मिळावा, सगळ्या जागा मद्रास शहरातल्या मुलांनी नेऊ नयेत, हा विचार. जानेवारी १९६८ मध्ये पी. राजेंद्रन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द केली. जास्त गुणांचा विद्यार्थी निव्वळ जिल्ह्यामुळे मागे पडावा हे समानतेत बसत नाही, असे ठरले. पुढे दोन-तीन वर्षांत पेरियाकरुप्पन खटल्यात महाविद्यालयांचे गट पाडून जागा भरण्याची पद्धतही गेली.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग पाडून वैद्यकीयच्या ७० टक्के जागा त्या-त्या भागातल्यांना आणि ३० टक्के खुल्या, अशी पद्धत होती. महाविद्यालये उर्वरित महाराष्ट्रात जास्त, म्हणून मराठवाड्यातल्या मुलांना तितकेच गुण मिळवूनही सरकारी जागा हुकत असे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ही पद्धत बंद केली. मागास भागाला संरक्षण म्हणून आखलेली रेष त्याच भागाच्या मुलांना नडली, हा त्यातला धडा.

१९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने मधला मार्ग काढला. राज्यातल्यांना प्राधान्य चालेल, पण सगळ्याच जागा त्यांच्यासाठी राखता येणार नाहीत. त्यातूनच सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या. १९९२ साली मेरठच्या विद्यार्थिनीने नेलेल्या मोहिनी जैन खटल्यात कर्नाटकची ती तीन दरांची अधिसूचना टिकली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी तर वैद्यकीय पदव्युत्तर जागांवर निवासाच्या आधारे आरक्षण ठेवता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. सत्तर वर्षांत प्रवासाची दिशा स्पष्ट आहे. पदवीच्या पातळीवर निवासाला थोडी जागा आहे, शिक्षण जितके वरचे तितकी ती कमी होत जाते.

साहुकारपेठेतली मराठी घरे

आता हा नियम एका घरात शिरला की काय होते ते पाहू.

चेन्नईत मराठी माणसे दोन वाटांनी आली. जुनी वाट तंजावरची. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे तिथे गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे नाव टिकले. त्या काळात दक्षिणेत गेलेल्या घराण्यांनी पुढे मद्रासमध्ये मोठे नाव काढले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव त्यांतलेच. ही घरे घरात आजही वेगळ्या वळणाची मराठी बोलतात, पण तमिळनाडूच्या लेखी ती इथलीच. त्यांच्या मुलांना मूळ रहिवासाचा दाखला मिळवताना भाषा आड येत नाही.

दुसरी वाट सोन्याची. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव हे तालुके दुष्काळी. तिथून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. जुने दागिने वितळवून, आम्लात शुद्ध करून चोख सोने काढून देण्याचे हे काम. दक्षिणेतल्या सराफ बाजारांत या गलाईवाल्यांची वस्ती आहे, आणि चेन्नईच्या साहुकारपेठेतही आहे. भट्टी, मुशी, धुराने काळे झालेले छत, वरच्या मजल्यावर घर. दिवाळीला नाहीतर गावच्या जत्रेला विट्याकडे फेरी होते. मुले मात्र चेन्नईतच जन्मतात, तमिळ सफाईने बोलतात आणि तिथल्याच शाळेत बारावी होतात.

अशा घरातली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांत तिला चांगले गुण आहेत. तमिळनाडूने २००६ च्या कायद्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांची स्वतःची प्रवेश परीक्षा बंद केली, त्यामुळे अभियांत्रिकीसाठी या तीन विषयांच्या गुणांतून २०० पैकी निघणारा ‘कट-ऑफ’ हेच तिचे भांडवल. ती आठवी ते बारावी तमिळनाडूत शिकली आहे, म्हणून अर्ज करू शकते. हा नियम उदार आहे आणि त्याचे श्रेय तमिळनाडूला दिलेच पाहिजे. पण अर्जात पुढे ‘मूळ रहिवासी’चा रकाना येतो. तिचे वडील मूळचे दुसऱ्या राज्यातले. मग ती खुल्या गटातच गणली जाते, विशेष आरक्षण नाही आणि शिष्यवृत्तीही नाही. घरातली ती पहिली पदवीधर ठरणार असली तरी पहिल्या पदवीधराची सूट तिच्यासाठी नाही.

तिच्या शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण ई-सेवा केंद्रात जाते. अर्ज गाव प्रशासकीय अधिकाऱ्याकडे जातो, तिथून महसूल निरीक्षकाकडे, मग तहसीलदाराची सही होते आणि मूळ रहिवासाचा दाखला हातात पडतो. शाळा एक, वर्ग एक, दोघींच्या वडिलांची कमाई जवळपास सारखी. फरक फक्त त्या एका कागदाचा, आणि तो कागद चार वर्षांच्या फीत मोजला जातो.

मग तिने महाराष्ट्राकडे वळावे का? तिथे दुसरी अडचण उभी राहते. एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, तिची दोन्ही चेन्नईत झाली. अभियांत्रिकीत आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असले तर चालते, पण अधिवास प्रमाणपत्रासाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. जो माणूस पंचवीस वर्षे साहुकारपेठेत भट्टीपुढे बसला, त्याने तो कुठून आणायचा? तमिळनाडू म्हणते ती महाराष्ट्राची, महाराष्ट्र म्हणतो ती तमिळनाडूची. दोन्ही राज्यांत तिच्या घरच्यांचा घाम आणि पैसा गेला, पण सवलतीच्या वेळी ती कुणाचीच नाही.

मागास समाजातून आलेल्या घरांचा गुंता आणखी अवघड असतो, कारण जातीचा दाखलाही राज्याची हद्द ओलांडत नाही. आंध्र प्रदेशातून मुंबईत आलेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याच्या मार्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हेच ठरवले. तो वाद मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशाचा होता. चेन्नईत मराठी मुलाचे जे होते, तेच मुंबईत तेलुगू मुलाचे होते. याबाबतीत कोणत्याही राज्याने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

राज्याने मनावर घेतले तर हद्द ओलांडता येते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत ‘ई’ प्रकारचा उमेदवार म्हणून एक वर्ग आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागात राहणारा, तिथूनच दहावी किंवा बारावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी महाराष्ट्राचा उमेदवार धरला जातो. बेळगाव-निपाणीच्या मुलांसाठी घेतलेला हा निर्णय राजकीय भूमिकेतून आला असला तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. कोण आपला, याची व्याख्या नियम लिहिणाऱ्यांच्या हातात असते आणि ती बदलता येते.

इतर देशांतली उत्तरे

हा पेच भारतापुरता नाही. स्कॉटलंडमधल्या विद्यापीठांत स्कॉटिश विद्यार्थ्यांची शिक्षण फी सरकार भरते. २०१२ पासून इंग्लंडहून आलेल्या विद्यार्थ्यांना तिथे वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत फी लागू झाली. युरोपीय संघाचा नियम एका देशाने दुसऱ्या सदस्य देशाच्या नागरिकांशी भेद करू नये असा होता, देशाच्या आतल्या भेदाबद्दल तो काही म्हणत नव्हता. त्यामुळे बर्लिनहून एडिनबरोला आलेली मुलगी फुकट शिके आणि सीमेपलीकडच्या न्यूकॅसलची मुलगी पूर्ण फी भरे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, युरोपच्या नव्या विद्यार्थ्यांची ही सोय संपली. इंग्लंड-स्कॉटलंड भेद मात्र कायम राहिला.

अमेरिकेत राज्य विद्यापीठांचे दोन दर सर्वमान्य आहेत. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली व्लॅन्डिस विरुद्ध क्लाइन खटल्यात एक मर्यादा घातली. कनेटिकट राज्याच्या नियमात अर्जाच्या वेळी ज्याचा पत्ता बाहेरचा, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच धरला जाई, मग त्याने तिथे घर केले, कर भरला तरी. न्यायालय म्हणाले, आपण इथलेच झालो हे सिद्ध करण्याची संधी विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे. कॅलिफोर्नियाने २००१ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. राज्यातल्या हायस्कुलात तीन वर्षे शिकून तिथूनच उत्तीर्ण झालेल्याला राज्यातल्यांचा दर देण्याचा कायदा केला. म्हणजे मूळ गावाऐवजी शाळेचा बाक प्रमाण मानला.

न्यायाच्या तीन कसोट्या

या सगळ्यातून माझ्या मते तीन कसोट्या निघतात.

पहिली, शाळा हाच पुरावा. मूल ज्या राज्यात पाच-सात वर्षे शाळेत गेले, त्या राज्याने त्याच्यावर खर्च केलेला असतो, त्याच्या घरानेही तिथे कर भरलेला असतो आणि त्याची भाषा, ओळखी, पुढचा संसारही तिथेच होण्याचा संभव असतो. शाळेचा दाखला खोटा करणे अवघड आणि तपासणे सोपे. तमिळनाडूने अर्जासाठी आठवी ते बारावीचा निकष मानलाच आहे, तो फीसवलतीलाही लावावा. महाराष्ट्राने अधिवासाच्या जोडीला हाच पर्याय द्यावा, म्हणजे धारावीत वाढलेल्या तमिळ मुलीला तिरुनेलवेलीचा पत्ता आड येणार नाही.

दुसरी, बाहेरच्याला आत यायचा रस्ता असावा आणि तो ठरावीक मुदतीचा असावा. वडिलांच्या वडिलांचे गाव विचारणारा नियम माणसाला कायम उपरा ठेवतो. राहण्याची वर्षे मोजणारा नियम कडक असला तरी कधीतरी संपतो.

तिसरी कसोटी गरजेची, आणि माझ्या लेखी हीच सर्वांत महत्त्वाची. निवास ही गरिबीची खूण नव्हे. चेन्नईच्या श्रीमंत वस्तीतला मुलगा ‘राज्यातला’ म्हणून स्वस्तात शिकतो आणि आटपाडीहून आलेल्या मजुराचा मुलगा ‘बाहेरचा’ म्हणून महाग, याला न्याय म्हणता येत नाही. तमिळनाडूनेच दाखवलेला मार्ग इथे शिकण्यासारखा आहे. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा आल्यावर सरकारी शाळांतून वैद्यकीयला जाणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. २०२० साली राज्याने सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्यांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या आणि पहिल्याच वर्षी तीनशेहून अधिक मुलामुलींना एमबीबीएसच्या जागा उपलब्ध झाल्या. २०२१ पासून हा कोटा अभियांत्रिकीलाही लागू झाला. या विद्यार्थ्यांची फी सरकार भरते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ साली हा कोटा वैध ठरवला. १९६८ साली जिल्ह्याचे नाव घेऊन जे साधता आले नाही, ते शाळेचा प्रकार विचारून साधले, कारण हा प्रश्न वंचितपणाच्या जास्त जवळ जातो.

राज्याराज्यांत हिशेब कसा करायचा, हा आक्षेप येईल. तोही सुटण्यासारखा आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी दुसऱ्या राज्यात शिकत असला तरी त्याचे मूळ राज्य देते. म्हणजे पैसा विद्यार्थ्यामागे हद्दीपलीकडे जाऊ शकतो, आणि ही पद्धत रुळलेली आहे. उत्पन्नावर आधारलेल्या सगळ्या सवलतींना ती लावावी. शिक्षण झालेल्या राज्याने भार उचलावा किंवा मूळ राज्याने, दोघांनी वाटून घ्यावा किंवा केंद्राने भरपाई द्यावी, ही सरकारांची आपसातली देवघेव. तिचा भुर्दंड अठरा वर्षांच्या मुलीवर पडू नये.

राज्यघटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा आणि कोणताही धंदा करण्याचा हक्क दिला आहे. हक्क बजावणाऱ्या आईबापांच्या मुलांना त्यापायी जास्त फी भरावी लागत असेल, तर तो हक्क अर्धाच उरतो. राज्याचे प्राधान्य टिकवूनही हे दुरुस्त करता येते. त्यासाठी न्यायालयाच्या नव्या निकालाची वाट पाहायला नको, प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतला एक परिच्छेद बदलला तरी पुरे. तमिळनाडू आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी आपापल्या पुस्तिकेत तो बदल केला, तर दोन्हीकडच्या स्थलांतरित घरांतली पहिली पदवीधर पिढी फीच्या काळजीशिवाय उभी राहील.